न आलेली चक्कर

गीतांजलीला चक्कर येते, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त गीतांजलीला.

तिला ती कळली भाजीच्या गाड्यावर. शेजारच्या शरणम्मा मेथीची जुडी निवडत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "आता कसं हाय बाई? चक्कर कमी झाली का?"

"कसली चक्कर, काकू?"

शरणम्मांनी तिच्याकडं पाहिलं आणि मग जुडीकडं पाहिलं. "सर सांगत होते. घरात पडलीस म्हणून. जपत जा."

सर म्हणजे तिचा नवरा, उमाशंकर. लातूरच्या एका कॉलेजात शिकवायचा. आवाज कधी चढवायचा नाही. रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं की स्कूटर थांबवून त्याला मागं बसवून घ्यायचा. त्याची पहिली बायको गोदावरी याच घराच्या गच्चीवरून पडून गेली होती. त्यानंतर दोन वर्षांनी त्यानं नायगावच्या गीतांजलीशी लग्न केलं. एवढा भला माणूस, एवढं दुःख सोसलेला, असं सगळेच म्हणाले. तिच्या माहेरचेही म्हणाले.

त्या संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. फोन उमाशंकरच्या मोबाईलवर यायचा, कारण गीतांजलीचा मोबाईल दिवाळीपासून त्याच्याच कपाटात होता. त्यानं फोन स्पीकरवर लावून तिच्यासमोर ठेवला.

"गच्चीवर जात जाऊ नको गं," आई म्हणाली. "जावई सांगत होते, तुझा तोल जातो."

उमाशंकर मोसंबं सोलत बसला होता. त्यानं मान हलवली, एखाद्या आजारी माणसाकडं बघून हलवावी तशी.

फोन बंद झाल्यावर तिनं विचारलं, "मी कधी पडले?"

"परवा. ओट्याजवळ." त्यानं एक फोड तिच्या हातावर ठेवली. "तुला आठवत नाही, गीता. हाच तर त्रास आहे."

त्या दिवसापासून तो घरात नसला की ती फरशीच्या जोडावरून चालून बघायची. एका पावलापुढं दुसरं पाऊल, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तोल कधी गेला नाही. तरी भीती जाईना. पडल्याचंच आठवत नसेल, तर पडले नाही हे तरी कशावरून सांगायचं? सासू कावेरीबाई बाजेवर बसून तिचं ते चालणं बघायच्या. त्यांचे गुडघे गेलेले होते. झोप येत नसे म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोदावरी गेल्यापासून त्या गच्चीचा जिना चढल्या नव्हत्या.

हे सगळं कुठून सुरू झालं, ते गीतांजलीला नीट माहीत होतं. संक्रांतीनंतर तिनं उमाशंकरला सांगितलं होतं की मला इथं राहायचं नाही. मारहाण नव्हती, शिवीगाळ नव्हती. पण माहेरी जायचं नाही, एकटीनं कोपऱ्यावर जायचं नाही, कुणाशी बोललीस, काय बोललीस, का हसलीस. हे सगळं हळू आवाजात, रोज. तिला श्वास पुरत नव्हता. नायगावात जाऊन शाळेत नोकरी बघते, असं ती म्हणाली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू." तिची चक्कर त्यानंतरची.

मग एक दिवस शरणम्मांनी कुंपणाच्या भिंतीशी येऊन आणखी एक गोष्ट सांगितली. सांगू की नको, अशा सुरात.

"त्या गोदावरीला बी असंच होतं बघ. आधी सगळीकडं चक्कर चक्कर झालं. मग पडली. बॅग भरून माहेरी निघाली होती म्हणतात, त्याच आठवड्यात." त्यांनी गच्चीकडं बघितलं. "माझं काई ऐकू नको बाई. म्हातारीचं डोस्कं हाय."

ती म्हणाली, "काकू, तुमचा फोन देता?"

तिनं आईला फोन केला नाही. आईनं जावयालाच विचारलं असतं. तिला तोंडपाठ असलेला दुसरा नंबर एकच होता, राजकन्येचा.

राजकन्या तिची नायगावची मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावरची. आता देगलूरच्या बाजूला एसटीत कंडक्टर होती, आणि तिच्या गाडीत बसलेला माणूस हसल्याशिवाय उतरत नाही, अशी तिची ख्याती होती. शाळेत मार खातानासुद्धा ती मास्तरांना हसवायची आणि छडी हळू लागायची. गीतांजलीनं घाईघाईनं, अर्धं रडत सगळं सांगितलं. पलीकडं गाडीचं इंजिन घरघरत होतं.

"गीते," राजकन्या म्हणाली, "तुला चक्कर? आगं जत्रंतल्या पाळण्यात बसून तू चिवडा खाणारी. उलटी मला झाली होती, तुझ्या परकरावर."

"मस्करी करू नको, राजे. मला लई भ्या वाटून राहिलं."

राजकन्या म्हणाली, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. गालाला ओढणी बांधलेली, काखेत पिशवी. उमाशंकर घरीच होता.

"दाजी, दाढ सडलीया," ती दारातूनच म्हणाली. "देगलूरचा डॉक्टर म्हणाला, लातूरला जा. म्हणलं लातूरात आपली माणसं असताना लॉजवर कशाला उतरायचं? घाबरू नका, दाढ दुखती पर जीभ ठणठणीत हाय."

उमाशंकर हसला. गीतांजलीनं त्याला मनापासून हसताना कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं. राजकन्येनं बूड टेकायच्या आत गाडीतली एक गोष्ट सांगितली. एक प्रवासी तेलुगूत भांडत होता, दुसरा कन्नडात आणि ही मराठीत. कुणाचंच कुणाला कळेना, म्हणून शेवटी तिघांनी एकमेकांची माफी मागितली. तो खो खो हसला. कावेरीबाईंच्या तोंडाचा कोपराही हलला.

ती राहिली. दाढेची तारीख पुढं पुढं जात राहिली. कधी डॉक्टर गावाला गेलेला, कधी सूज उतरायची होती. ती उमाशंकरला टाळ्या देऊन विनोद सांगायची, त्याच्या कॉलेजच्या गोष्टी तोंड उघडं टाकून ऐकायची. गीतांजलीला वाटायला लागलं की ही त्याच्या बाजूला गेली. एकदा स्वयंपाकघरात तिनं दबक्या आवाजात विचारलं, "तुला माझं खरं वाटतंय ना?"

राजकन्या कणीक मळत होती. "हसणाऱ्या बाईला कुणी भीत न्हाई, गीते. त्याला भ्या वाटलं तर तो मला आजच्या आज गाडीत बसवील." मग लगेच मोठ्यांदा, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या चपातीचा नकाशा बघ की. हा निलंगा, हा उदगीर."

एका संध्याकाळी उमाशंकर यायच्या आधी राजकन्येनं गल्लीतल्या बायका दारात जमवल्या. उद्या रविवारी ह्यांच्या गच्चीवर कुरडया घालायच्या, कोण कोण मदतीला येतं, असं निमित्त होतं. बोलता बोलता ती मध्येच उठली.

"ह्या बाईला चक्कर येती म्हणं. आता बघूच या. चल गं, फुगडी."

"नको, राजे."

"चल म्हणते ना."

हात गुंफले गेले आणि दोघी फिरायला लागल्या. राजकन्या भारदस्त बाई, मागं रेलून गरागरा ओढायची. गल्ली, खांब, तुळशीचं वृंदावन, सगळं पट्ट्यासारखं फिरलं. बायका टाळ्या पिटत होत्या. शेवटी राजकन्याच धडपडत वाळूच्या ढिगावर जाऊन बसली. "बाई बाई, रस्ता थांबवा कुणीतरी," ती म्हणाली. मग शरणम्मांची सून उतरली. तीही थोड्या वेळात भिंत धरून उभी राहिली. गीतांजली सरळ उभी होती. केस सुटलेले, तोंड लाल, पण पाय जागेवर. कितीतरी महिन्यांनी ती दात दिसेपर्यंत हसत होती.

"बघा," राजकन्या वाळूतूनच म्हणाली. "हिला म्हणं चक्कर. सगळ्यांनी बघितलं ना? शरणम्मा, बघितलं ना?"

"बघितलं की," शरणम्मा म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

मग गीतांजलीचं हसू गेलं. गल्लीच्या तोंडाशी उमाशंकर स्कूटरवर बसून होता. इंजिन बंद केलेलं होतं. तो किती वेळ बघत होता, कुणालाच कळलं नव्हतं.

जेवताना तो म्हणाला, "ताई, सोमवारी मी स्वतः तुम्हाला दवाखान्यात नेतो. मग संध्याकाळच्या गाडीनं तुम्हाला जाता येईल." आवाज नेहमीसारखाच होता. राजकन्येनं त्यावर काहीतरी विनोद केला. ह्या वेळी तो हसला नाही. त्यानं गीतांजलीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

रविवारी सकाळी गच्चीवर बायका आल्या. साच्यातून कुरडया पडत गेल्या, जुन्या पातळांवर पांढरी वेटोळी उमटली. गच्चीला तीन बाजूंनी कठडा होता. मागच्या बाजूला नुसत्या सळया वर आलेल्या. तिकडून पुढं खोली काढायची आहे, असं उमाशंकर गोदावरी जायच्या आधीपासून सांगत होता आणि अजूनही सांगत होता. खाली शेजारच्या प्लॉटचा पाया खणलेला होता आणि दगड रचलेले होते. सगळ्या बायका त्या बाजूला पाठ करून बसल्या.

ऊन चढलं तशा बायका घरी गेल्या. कावळे राखायला दोघी मैत्रिणी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राहिल्या. तेवढ्यात जिन्यातून उमाशंकर वर आला. हातात ट्रे, त्यात चहा. लग्न झाल्यापासून त्यानं कधी चहा केला नव्हता.

"दमला असाल," तो म्हणाला. एक कप त्यानं उचलून गीतांजलीच्या हातात दिला. "हा तुझा. साखर कमी आहे."

राजकन्येनं तो तिच्या हातातून काढून घेतला. "वा दाजी, बायकोला भरलेला आन् पाव्हणीला अर्धा?"

"ताई, तो गीताचा आहे."

पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कड आली होती. राजकन्येनं कपाच्या वरून त्याच्याकडं बघितलं. गीतांजलीला वाटलं, आता ही चहा ओतून देईल. पण तिनं तो गरम गरम, दोन घोटांत पिऊन टाकला आणि ओठ पुसले. "कंडक्टरचा चहा असाच. डायव्हरनं हारन वाजवायच्या आत संपवायचा."

उमाशंकर ट्रे घेऊन खाली गेला. जिन्याचं दार लागल्याचा आवाज आला.

कावळे हाकण्यात अर्धा तास गेला, मग गीतांजली खाली जायला दाराशी गेली. ढकललं. दार आतून बंद होतं.

"राजे, कडी लावली त्यानं."

राजकन्या टाकीला टेकून बसली होती. तोंडावरचा रंग गेला होता. "जीभ जड होऊन राहिली," ती म्हणाली. गीतांजलीला वाटलं ही नक्कल करतेय. राजकन्या माणसांच्या नकला करायची, झिंगलेल्या प्रवाशाची तर हुबेहूब. ती क्षणभर हसलीसुद्धा.

"हसू नको." राजकन्येचे डोळे मिटत होते, ती ते ओढून उघडत होती. "मस्करी करून न्हाई राहिले मी. चहात हाय काहीतरी. मला बघायचंच होतं... खरं हाय का नुसता आपला संशय. गीते, त्या कडंला जाऊ नको. काय बी झालं तरी."

आणि ती बोलायची थांबली. गीतांजलीनं तिला आयुष्यात कधी गप्प बघितलं नव्हतं. भर दुपारी, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, तिचे दात वाजायला लागले. तिनं राजकन्येला हलवलं, गालावर मारलं, बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. ती नुसती हुं हुं करत होती.

कडी निघाली. उमाशंकर वर आला, बनियनवर, अनवाणी. त्यानं राजकन्येकडं बघितलं आणि गीतांजलीकडं.

"अरेरे," तो हळूच म्हणाला. "ताईंना चक्कर आली का? उन्हात बसायला नको होतं. चल, आपण दोघं मिळून उठवू. तू त्या बाजूनं धर."

ती बाजू म्हणजे सळयांची बाजू. राजकन्या बसली होती तिथून कड चार-सहा पावलांवर असेल. गीतांजलीला सगळं एकदम दिसलं. पाहुणीला भोवळ आली. बायको सावरायला गेली. तिचाही तोल जायचाच. दोघी गेल्या. उद्या हा दारात बसेल, गल्लीतून डबे येतील, आणि सगळे म्हणतील, काय बिचाऱ्याचं नशीब. बायकोनं सोडलेला माणूस होण्यापेक्षा बायको मेलेला माणूस होणं त्याला बरं वाटत होतं. पहिल्या वेळीही तसंच.

ती उठली नाही. तिनं एक हात टाकीच्या लोखंडी पायात अडकवला, दुसऱ्या हातानं राजकन्येला कमरेला कवटाळलं आणि दोन्ही पाय तिच्यावर टाकले.

"सोड गीता," तो म्हणाला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट उलगडायला लागला, लहान मुलाच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी तसं. घाई नव्हती. राग नव्हता. "तुला बरं नाही."

तिला ओरडायचं होतं, घशातून नुसती हवा आली. मग तिचा पाय कुरडईच्या चिकाच्या रिकाम्या पातेल्याला लागला. तिनं लाथ मारली. पातेलं खणखणत गेलं, पण तेवढ्यानं उमाशंकर थांबेना म्हणून तिनं डोकं टाकीवर आपटायला सुरुवात केली. टाकी रिकामी होती. ढोलासारखा आवाज गल्लीभर गेला. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"उम्या."

दारात कावेरीबाई होत्या. जिना त्या बसत बसत, हातांनी ओढत चढल्या होत्या. लुगडं गुडघ्याशी धुळीनं भरलं होतं. हातात गोळ्यांचं पाकीट होतं, रिकामं.

"आई, तू खाली जा. ताईंना चक्कर आलीय."

"मागल्या वेळी बी माझ्याच गोळ्या गेल्या होत्या," कावेरीबाई म्हणाल्या. "मी खालीच बसले. आता न्हाई बसायची." त्या उंबऱ्यावर बसल्या. "खालचं दार उघडं टाकून आलेय. येऊ देत सगळ्यांना."

उमाशंकरनं गीतांजलीचं मनगट सोडलं नाही, पण ओढायचं थांबवलं. खालून शरणम्मांचा आवाज आला, "काय वो, काय वाजतंय?" मग जिन्यात पावलं. एकीमागून एक बायका वर आल्या. तो उभा राहिला, बनियन नीट केलं आणि म्हणाला, "बरं झालं आलात. यांना चक्कर..." वाक्य तसंच राहिलं. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. शरणम्मा खाली बसून गीतांजलीचा हात टाकीपासून सोडवत होत्या, आणि तो सुटत नव्हता.

राजकन्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आली. रक्तात गोळ्यांचा अंश सापडला. डॉक्टर म्हणाले, अंगानं थोराड म्हणून निभावलं. गीतांजलीनं तिला रागानं विचारलं, "संशय होता तर प्यायलीस कशाला? ओतून द्यायचा होतास."

"ओतला असता तर उद्या परत केला असता. मी गेल्यावर." राजकन्या छताकडं बघत होती. "आन् तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता? तुला तर चक्कर येती." त्यावर दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

उमाशंकरला त्याच संध्याकाळी अटक झाली होती. कॉलेजातले लोक म्हणाले, काहीतरी गैरसमज असेल. गीतांजली देगलूरला राजकन्येकडं राहायला गेली आणि तिथं एका शाळेत शिकवायला लागली. कावेरीबाई त्यांच्या बहिणीकडं रेणापूरला गेल्या.

राजकन्येचं अंग सावरलं, पण चालत्या गाडीत उभं राहायला ती बरेच दिवस भ्यायली. डेपोत विनंती करून बसून करायचं काम घेतलं. लोक म्हणायचे, ताई आता बोलत नाहीत. घरात ती बाजेची कड धरून झोपायची. तिच्या शेजारी गीतांजली जागी असायची, कारण तिलाही झोप येत नसे. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज झाला की दोघी एकदमच दाराकडं बघायच्या.

खटला उभा राहिला तेव्हा राजकन्येची साक्ष झाली. समोरचा वकील सभ्य होता. त्यानं विचारलं, "तुम्ही नकला करता ना? झिंगलेल्या माणसाची नक्कल तुम्ही फार छान करता, असं तुमचे सहकारीच सांगतात."

"हाव. करते."

"मग त्या दिवशी गच्चीवरही नक्कलच केली असेल. मैत्रिणीसाठी."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. राजकन्येनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. 

"साहेब, नक्कल करताना माणसाला ठाऊक असतं, मला कवा थांबायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी मला थांबता येईना. मी गीताला सांगत होते की कडंला जाऊ नको, आन् तोंडातून शब्द निघंना. मला वाटलं, आता हिला सांगायचं राहिलंच." तिनं वकिलाकडं बघितलं. "रक्तातल्या गोळ्यांची नक्कल मला येत न्हाई."

कावेरीबाईंनीही साक्ष दिली, मुलाकडं एकदाही न बघता. गोदावरीचे वडील किशनराव प्रत्येक तारखेला येऊन मागं बसायचे. उमाशंकरला शिक्षा झाली ती गीतांजली आणि राजकन्येच्या बाबतीत. गोदावरीच्या बाबतीत काही सिद्ध होऊ शकलं नाही. निकाल ऐकून किशनराव उठले, गीतांजलीजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

बाहेर कोर्टाच्या आवारात ऊन होतं. देगलूरची गाडी यायला वेळ होता. गीतांजलीनं किशनरावांना चहाच्या टपरीवर नेलं. राजकन्येनं पेला हातात घेतला, बराच वेळ नुसता धरून ठेवला आणि तसाच खाली ठेवला. गीतांजलीनं तो उचलला, आधी स्वतः एक घोट प्यायली आणि तिच्या हातात परत दिला.